तात्पुरता सांभाळ: दत्तक जाण्याची वाट पाहणारा तरुण कुत्रा

घटक परिचय

रस्त्यावरून किंवा अपघातातून सोडवलेल्या कुत्र्याला कायमचे घर मिळेपर्यंत मध्ये काही आठवडे, कधी काही महिने जातात. या काळात एखाद्या कुटुंबाने त्याला आपल्या घरी ठेवणे याला बोलण्यात सगळे 'फॉस्टर करणे' म्हणतात. या टिपणात आपण त्याला 'तात्पुरता सांभाळ' म्हणू.

नोकरी किंवा शिक्षणासाठी दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद किंवा फरीदाबाद येथे भाड्याच्या घरात राहणाऱ्या अनेकांना कुत्र्याची बारा-पंधरा वर्षांची जबाबदारी घेणे शक्य नसते. दोन महिने मात्र देता येतात. हे टिपण अशा वाचकांसाठी आहे. त्यातही आपण सर्वांत अवघड जागा मिळणाऱ्या कुत्र्याचा विचार करणार आहोत. तो सहा महिने ते दीड वर्ष वयाचा असतो, धडधाकट असतो आणि त्याच्या अंगात प्रचंड ऊर्जा असते. लहान पिल्लू पाहताक्षणी आवडते आणि प्रौढ कुत्रा शांत असतो. मधल्या वयाच्या कुत्र्याला लोक घेऊन जातात आणि अनेकदा परतही आणून देतात.

उद्दिष्टे

हा घटक वाचल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी सांगता आल्या पाहिजेत:

1. तात्पुरत्या सांभाळाचा नेमका हेतू काय असतो.
2. तरुण कुत्र्याची ऊर्जा 'वाईट वागणूक' का वाटते आणि तिला वळण कसे लावावे.
3. दिल्ली परिसरातील ऋतू, घरे आणि नियम यांचा सांभाळावर काय परिणाम होतो.
4. कुत्रा नव्या घरी टिकावा म्हणून कोणती नोंद ठेवावी आणि तो कसा सोपवावा.

1. तात्पुरता सांभाळ कशासाठी?

निवाऱ्यात कुत्र्याला अन्न, औषध आणि छप्पर मिळते. दिल्लीत डिफेन्स कॉलनीच्या उड्डाणपुलाखालील 'फ्रेंडिकोज' किंवा राजा गार्डनमधील 'संजय गांधी ॲनिमल केअर सेंटर' यांसारख्या संस्था अनेक दशके हे काम करत आहेत. पण कोणत्याही निवाऱ्यात जागा कमी आणि जनावरे जास्त असतात. सतत भुंकणे, बंद जागा आणि सांभाळणाऱ्या माणसांची वाटणी या गोष्टी तरुण कुत्र्याला सर्वाधिक जड जातात.

घरातल्या विसाव्याचा परिणाम मोजला गेला आहे. अमेरिकेतील पाच निवाऱ्यांतील 207 कुत्र्यांवर झालेला एक अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कुत्र्यांना एक-दोन रात्री एखाद्या घरी ठेवले, तेव्हा त्यांच्या शरीरातील कॉर्टिसॉल या ताणाशी संबंधित संप्रेरकाची पातळी खाली आली. निवाऱ्यात परतल्यावर ती पुन्हा पूर्वीइतकी झाली. म्हणजे घरी मिळालेला विसावा खरा असतो, पण तो साठवून ठेवता येत नाही. म्हणून सांभाळाच्या काळात केवळ विसावा देऊन भागत नाही. कुत्र्याला पुढच्या घरात टिकवून ठेवतील अशा सवयी आणि त्याची खरी ओळख, या दोन गोष्टी तुमच्या घरातून त्याच्याबरोबर गेल्या पाहिजेत. हा या घटकाचा मुख्य मुद्दा आहे.

2. दिल्ली परिसरातील पार्श्वभूमी

रस्त्यावर जन्मलेल्या पिल्लांचे आयुष्य किती अनिश्चित असते हे कोलकात्याच्या 'आयसर' संस्थेतील संशोधकांनी पश्चिम बंगालमध्ये पाहिले. त्यांनी निरीक्षण केलेल्या 364 पिल्लांपैकी जेमतेम 19 टक्के प्रजननाच्या वयापर्यंत जगली. अनेक मृत्यूंच्या मागे प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष माणसाचा हात होता. तुमच्या घरी आलेला वर्षाचा देशी कुत्रा अशाच परिस्थितीतून तगलेला असू शकतो. त्याचा सावधपणा आणि अन्न दिसताच झडप घालण्याची सवय याच नजरेने पाहावी.

कायद्याचे चार मुद्दे लक्षात ठेवा.

- प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा 1960 चा आहे. त्याच्या कलम 11 नुसार प्राण्याला हाल होतील अशा स्थितीत सोडून देणे हा गुन्हा आहे.
- दिल्ली महानगरपालिका अधिनियम, 1957 च्या कलम 399 मध्ये पाळीव कुत्र्यांच्या नोंदणीची तरतूद आहे.
- भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण आणि लसीकरण 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार होते. निर्बीजीकरण झालेल्या कुत्र्याच्या कानाला कापून खूण केलेली असते. ती जखम समजू नये.
- 11 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील भटके कुत्रे पकडून निवाऱ्यात ठेवण्याचा आणि परत न सोडण्याचा आदेश दिला. 22 ऑगस्ट 2025 रोजी तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तो बदलला. रेबीज झालेले, तसा संशय असलेले किंवा आक्रमक कुत्रे वगळता इतरांना निर्बीजीकरण, जंतनाशक आणि लसीकरणानंतर त्यांच्याच भागात सोडावे, असे ठरले. इच्छुकांना महापालिकेकडे अर्ज करून रस्त्यावरचा कुत्रा दत्तक घेता येईल, पण तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी दत्तक घेणाऱ्याची राहील, असेही आदेशात म्हटले आहे.

शेवटचे वाक्य आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. 'नाही जमले तर सोडून देऊ' असा मार्ग दत्तक घेणाऱ्यापुढे उरत नाही. म्हणून घाईने जुळवलेले दत्तक कुत्र्याला आणि त्या कुटुंबालाही महागात पडते. हे प्रकरण नंतरही न्यायालयात चालू राहिले आहे, तेव्हा प्रत्यक्ष सोपवताना त्या वेळचा नियम आपल्या महापालिकेकडून पाहून घ्या.

3. तरुण कुत्रा असा का वागतो?

कुत्र्यालाही किशोरवय असते. साधारण सहाव्या महिन्यापासून ते दीड वर्षापर्यंत शरीर जवळजवळ वाढलेले असते, पण स्वतःला आवरण्याची क्षमता मागे असते. 2020 मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी याचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे आठ महिन्यांच्या वयात कुत्रे बसण्याची आज्ञा आपल्या सांभाळकर्त्याकडून कमी ऐकत होते, मात्र तीच आज्ञा परक्या माणसाने दिली तर असा फरक दिसत नव्हता. वर्षाच्या आसपास हे वागणे निवळत गेले. म्हणजे काल शिकलेली गोष्ट आज विसरल्यासारखा वागणारा कुत्रा हट्टी किंवा कृतघ्न नसतो. तो वयाच्या एका टप्प्यातून जात असतो.

निर्बीजीकरण झाले की कुत्रा लगेच शांत होतो, असा एक समज आहे. निर्बीजीकरण आवश्यकच आहे, पण खेळण्याची आणि हुंगण्याची गरज त्याने संपत नाही. ती गरज भागवावी लागते.

उदाहरण म्हणून दहा महिन्यांचा एक देशी नर घेऊ आणि त्याला 'मोती' म्हणू. मोती दारावरची घंटी वाजली की पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारतो, दोरी ओढतो, चपला कुरतडतो, खेळताना हात तोंडात धरतो आणि रात्री दहा वाजता घरभर पळत सुटतो. यातली एकही गोष्ट आजार नाही. मात्र याच पाच गोष्टींमुळे त्याला नव्या घरातून परत पाठवले जाऊ शकते.

| मोती काय करतो | नव्या घरात काय समजले जाते | तुम्ही काय शिकवाल |
|---|---|---|
| अंगावर उडी मारतो | 'आक्रमक आहे' | चारही पाय जमिनीवर असतील तेव्हाच लक्ष आणि खाऊ |
| दोरी ओढतो | 'आवरत नाही' | दोरी ताणली की थांबणे, सैल झाली की चालणे |
| चपला कुरतडतो | 'नुकसान करतो' | चपला कपाटात, समोर चघळायचे खेळणे |
| हात तोंडात धरतो | 'चावतो' | खेळ तिथेच थांबवणे, मग हाताऐवजी दोरखंड देणे |
| रात्री पळत सुटतो | 'वेडा आहे' | संध्याकाळी फिरणे, मग हुंगण्याचे काम, मग झोप |

4. घरी आणण्यापूर्वी

पुढील गोष्टी आधीच ठरवून घ्या. शक्य तितक्या कागदावर असाव्यात.

1. संस्थेशी करार. औषधोपचाराचा खर्च कोण करणार, कुत्रा अचानक परत द्यावा लागला तर किती दिवसांत नेणार, दत्तक घरी देण्याचा निर्णय कोणाचा आणि रात्री अडचण आल्यास कोणाला फोन करायचा.
2. घरमालकाची परवानगी. तोंडी होकार पुढे अडचणीचा ठरतो, तेव्हा लेखी संदेश तरी घ्यावा. सोसायटीच्या कार्यालयालाही कळवा. पाळीव प्राणी ठेवण्यावर सोसायटीने सरसकट बंदी घालू नये, अशी भारतीय प्राणी कल्याण मंडळाची भूमिका आहे. तरीही लिफ्ट, जिने आणि स्वच्छता यांबाबत शेजाऱ्यांशी आधीच बोललेले बरे.
3. आरोग्याचा कागद. रेबीजची लस, डिस्टेंपर आणि पार्व्हो यांची एकत्रित लस, जंतनाशक आणि निर्बीजीकरण यांच्या तारखा मागून घ्या. लस अपुरी असेल आणि घरात दुसरा कुत्रा असेल, तर पशुवैद्यकाने सांगेपर्यंत दोघांना वेगळे ठेवा.
4. घराची तपासणी. बाल्कनी आणि गच्ची या सर्वांत धोकादायक जागा आहेत. तरुण कुत्रा कबुतरामागे उडी घेऊ शकतो. जाळी नसेल तर दार बंदच ठेवा. चार्जरच्या वायरी, फिनाईल, उंदराचे औषध आणि कचऱ्याचा डबा उंचावर किंवा बंद कपाटात हवा.

5. पहिले पंधरा दिवस

पहिले तीन दिवस कुत्र्याला पाहायला पाहुणे बोलावू नका आणि बाजारातही नेऊ नका. एक कोपरा त्याचा ठरवा. तिथे अंथरूण आणि पाणी ठेवा आणि तो तिथे असताना कोणीही त्याला हात लावणार नाही, असा घरातल्यांचा नियम करा. जेवणाच्या, फिरण्याच्या आणि झोपण्याच्या वेळा रोज सारख्या ठेवा.

विश्वास मिळवण्यासाठी सारखे खायला घालण्याची गरज नसते. वर उल्लेख केलेल्या आयसर संस्थेच्याच संशोधकांनी 2017 मध्ये दाखवले की रस्त्यावरचे कुत्रे अन्न देणाऱ्यापेक्षा वारंवार कुरवाळणाऱ्या अनोळखी माणसाकडे अधिक झुकले. मात्र हात पुढे करण्याची घाई करू नका. खाली बसा, तोंड थोडे बाजूला वळवा आणि त्याला जवळ येऊ द्या. छातीवर किंवा मानेच्या बाजूला दोन-तीन वेळा हात फिरवून थांबा. त्याने पुन्हा अंग टेकवले, तरच पुढे चला.

बाहेर नेताना गळपट्ट्याबरोबर छातीवरचा हार्नेस वापरा आणि दोरी दोन्हींना जोडा. नव्या घरातून कुत्रा निसटण्याची भीती सुरुवातीच्या दिवसांत सर्वाधिक असते. गळपट्ट्यावर संस्थेचा किंवा तुमचा फोन नंबर लिहिलेला बिल्ला पहिल्या दिवसापासून हवा.

चावा किंवा खरचटणे झाले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी रुग्णालयात जा. कुत्र्याला लस दिलेली असली तरी लसीचा निर्णय डॉक्टरांवर सोडा. हळद, तिखट किंवा चुना जखमेवर लावू नका.

6. ऊर्जेला काम देणे

नवशिक्या सांभाळकर्त्याला वाटते की कुत्र्याला खूप पळवले की तो दमेल. नुसते पळवल्याने त्याचा दम वाढतो आणि पुढच्या आठवड्यात त्याला त्याहून जास्त पळायला लागते. शरीराला व्यायाम, नाकाला आणि डोक्याला काम, आणि भरपूर झोप, अशा तीन गोष्टी मिळून तरुण कुत्रा शांत होतो. दिवसातला निम्म्याहून जास्त वेळ तो झोपला किंवा पडून राहिला पाहिजे. अपुऱ्या झोपेचा कुत्रा अतिदमलेल्या लहान मुलासारखा अधिकच दंगा करतो.

दिवसाचा साधा आराखडा असा ठेवता येईल:

- पहाटे: चाळीस मिनिटे फिरणे. त्यातला निम्मा वेळ त्याला हवे तिथे हुंगू द्या.
- सकाळी: अर्धे जेवण भांड्यात न देता जुन्या टॉवेलच्या घडीत किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात लपवून द्या. नंतर झोप.
- दुपारी: पाच मिनिटे शिकवणे, चघळायचे खेळणे, पुन्हा झोप.
- संध्याकाळी: फिरणे, दोरखंडाची ओढाओढी आणि 'सोड' शिकवणे.
- रात्री: दिवे मंद, आवाज कमी, ठरलेला कोपरा.

तुम्ही दिवसभर कामावर जात असाल तर दुपारी त्याच्याकडे पाहणारे कोणी हवे. तशी सोय नसेल तर तरुण कुत्र्याऐवजी वयस्कर कुत्र्याचा सांभाळ घ्या. यात कमीपणा नाही. एकटे राहण्याची सवय पाच मिनिटांपासून सुरू करून हळूहळू वाढवा.

शिकवताना भाषेचा विचार करा. मोती पुढे बहुधा हिंदी बोलणाऱ्या घरात जाईल. मराठीतले 'बस' म्हणजे बसणे, हिंदीतले 'बस' म्हणजे पुरे. मराठीतले 'ये' हिंदीत 'हा' किंवा 'हे' अशा अर्थाने दिवसभर कानावर पडते. त्यामुळे प्रत्येक आज्ञेला हाताची ठरलेली खूण जोडा आणि शब्द 'बैठ', 'आजा', 'छोड़' असे नव्या घरी चालतील तेच वापरा.

खाण्यात कांदा, लसूण, द्राक्षे, बेदाणे आणि चॉकलेट कधीही देऊ नका. शिजवलेली हाडे फुटून टोकदार होतात, म्हणून तीही टाळा.

7. दिल्लीचे ऋतू

मे-जून: पारा 45 अंशांच्या आसपास जातो. फिरणे सूर्योदयापूर्वी आणि रात्री उशिरा करा. हाताची मागची बाजू रस्त्यावर पाच-सात सेकंद ठेवता आली नाही, तर तो रस्ता त्याच्या पंजांनाही भाजेल. जोराची धाप, दाट लाळ, डगमगणे किंवा ओकारी ही उष्माघाताची लक्षणे आहेत. सावलीत न्या, अंगावर साधे पाणी ओता, वारा घाला आणि लगेच दवाखाना गाठा.

पावसाळा: गोचीड वाढतात आणि त्यांच्यामुळे ताप येतो. रोज कानात, काखेत आणि बोटांच्या बेचक्यात पाहा. खाणे बंद झाले किंवा हिरड्या फिकट दिसल्या तर थांबू नका.

दिवाळी: संध्याकाळचे फिरणे दिवस मावळण्यापूर्वी उरका. दारे-खिडक्या बंद करा, पंखा किंवा टीव्ही चालू ठेवा आणि लपायला आतली खोली द्या. या आठवड्यात कुत्रा नव्या घरी सोपवू नका.

नोव्हेंबर ते जानेवारी: धुरके दाट असेल त्या दिवशी बाहेर पळवू नका, घरातच हुंगण्याचे खेळ घ्या. देशी कुत्र्याचे केस आखूड असतात. रात्री गारठ्यात फरशीऐवजी बारदान आणि जुनी गोधडी द्या.

8. नोंदवही आणि परिचय

तुमच्या सांभाळाचे सर्वांत मोलाचे फळ म्हणजे तुम्ही रोज लिहिलेल्या चार ओळी. निवाऱ्यातल्या माणसाला जे दिसणे शक्य नसते, ते तुम्हाला दिसते. मुलांशी तो कसा वागतो, मांजर दिसल्यावर काय करतो, लिफ्टला घाबरतो का, किती वेळ एकटा राहतो, जेवताना कोणी जवळ गेले तर गुरगुरतो का, हे सगळे लिहा.

दत्तकासाठी लिहिलेल्या परिचयाचे हे दोन नमुने पाहा.

*पहिला:* 'मोती खूप प्रेमळ आणि खेळकर आहे. सगळ्यांशी मिळून मिसळून राहतो. त्याला फक्त प्रेम हवे.'

*दुसरा:* 'मोती दहा महिन्यांचा आहे. निर्बीजीकरण आणि लसी पूर्ण. रोज दोन वेळा मिळून दीड तास फिरवावे लागते. ते चुकले तर चपला कुरतडतो. घरात शी-शू करत नाही. तीन तास एकटा राहतो. पाहुण्यांवर उडी मारायचा, आता खाऊ दाखवला की बसतो. मांजरीमागे धावतो. आठ-दहा वर्षांवरील मुलांसोबत बरा, रांगत्या बाळाच्या घरात नको.'

दुसरा परिचय वाचून दहातले आठ लोक माघार घेतील. उरलेले दोन मोतीसाठी योग्य आहेत. पहिला परिचय वाचून दहाही फोन येतील, पण मोती महिन्याभरात परत येण्याची शक्यता वाढेल. दोष झाकण्यात कुत्र्याचे हित नसते.

9. सोपवणे

इच्छुक कुटुंबाला किमान दोनदा भेटा. एकदा तुमच्याकडे आणि एकदा त्यांच्या घरी. घरातले सर्व सदस्य हजर हवेत. त्यांना पुढील प्रश्न विचारा: दिवसा घरी कोण असते? फिरवायला कोण नेईल? बदली झाली किंवा घर बदलले तर काय कराल? आजारपणाचा खर्च झेपेल का? घरातल्या एकाची नाखुशी असेल, तर ती आत्ताच समजलेली बरी.

सोपवताना लसीचे पुस्तक, नोंदवहीची प्रत, त्याच्या वासाची गोधडी आणि आठवडाभराचे ओळखीचे अन्न द्या. आपल्या भागातील महापालिकेत किंवा प्राधिकरणाकडे नोंदणी कशी करायची हे समजावून सांगा. नाही जमले तर कुत्रा संस्थेकडेच परत येईल, ही अट लेखी असावी. पहिल्या आठवड्यात दोनदा आणि नंतर महिन्याने एकदा फोन करा.

कुत्रा गेल्यावर घर रिकामे वाटते. काही जण त्याला स्वतःच ठेवून घेतात. तुमची परिस्थिती खरोखर तशी असेल तर त्यात गैर नाही. पण निर्णय निरोपाच्या दिवशी भरल्या डोळ्यांनी घेऊ नका. इच्छुक कुटुंबाला विचारलेले वरचे सर्व प्रश्न स्वतःला विचारा. उत्तरे नाहीत अशी आली, तर मोती तिकडे जाणेच योग्य आहे. तुमच्याकडे मोकळा झालेला कोपरा पुढच्या कुत्र्याच्या उपयोगी पडेल.

सारांश

- तात्पुरत्या सांभाळातून कुत्र्याला विसावा, सवयी आणि खरी ओळख मिळते.
- सहा ते अठरा महिन्यांच्या कुत्र्याचा दंगा बहुतेक वेळा वयाचा भाग असतो.
- व्यायाम, हुंगण्याचे काम आणि झोप या तिन्हींची सांगड घालावी लागते.
- प्रामाणिक परिचयामुळे इच्छुक कमी होतात, पण दत्तक टिकते.

स्वाध्याय

1. 'नुसते पळवल्याने तरुण कुत्रा शांत होत नाही.' हे विधान कारणांसह स्पष्ट करा.
2. 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशातील दत्तकविषयक अट आणि तात्पुरता सांभाळ यांचा संबंध सांगा.
3. तुमच्या ओळखीच्या एका कुत्र्याचे तीन दिवस निरीक्षण करा आणि मोतीच्या दुसऱ्या नमुन्याप्रमाणे त्याचा परिचय लिहा.
4. तुमच्या घराची तपासणी करून तरुण कुत्र्यासाठी धोकादायक ठरतील अशा पाच जागांची यादी करा व प्रत्येकीवर उपाय लिहा.